सॉकेट वेल्डची गॅप वेल्डिंगच्या आधी बघा हो! टीपीआय आणि क्लायंट क्यूसीच्या साहेबांना खुलं पत्र

टीपीआय (बाहेरच्या थर्ड पार्टी तपासणी कंपनीचे) आणि क्लायंट क्यूसी (मालकाचे क्वालिटी कंट्रोलवाले), सर्व इन्स्पेक्टर साहेब मंडळींना नमस्कार,

मी पाइपिंग फॅब्रिकेशनवाला माणूस. तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड या पट्ट्यात केमिकल आणि फार्मा प्लांटची छोट्या साइझची कामं घेतो, म्हणजे स्टीम ट्रेसिंग, ड्रेन, व्हेंट, इन्स्ट्रुमेंट टॅपिंग असली, अर्धा इंच ते दीड इंच, आणि यातलं बहुतेक सगळं सॉकेट वेल्ड, म्हणजे पाइप फिटिंगच्या सॉकेटमध्ये घालून, आत तळाशी थोडी फट (गॅप) सोडून, तोंडाभोवती बाहेरून वेल्ड मारायचा. हे पत्र कुणा एका साहेबांवर नाही, नाव कुणाचंच घेणार नाहीये, पण गेली काही वर्षं एकच भांडण प्रत्येक साइटवर नव्याने होतंय आणि प्रत्येक वेळी चांगले जॉइंट कापले जातायत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

भांडण असं. काम होतं, डीपी (रंग लावून वरच्या भेगा शोधायची टेस्ट) क्लिअर होते, हायड्रोला (पाण्याच्या दाबाच्या टेस्टला) लाइन लावायची वेळ येते आणि मग कुणीतरी म्हणतं की रँडम काही सॉकेट जॉइंटची आरटी (रेडिओग्राफी, एक्स-रेसारखी फिल्म) काढा, गॅप बघायचीय. फिल्म येते, पाइपचं तोंड आणि सॉकेटचा खांदा (आतला तळ) यांच्यामध्ये जी काळी पट्टी दिसायला पाहिजे ती काही जॉइंटला अगदी केसासारखी दिसते नाहीतर दिसतच नाही, की लगेच रिपोर्टवर "गॅप नॉट ऑब्झर्व्ह्ड, रिजेक्ट". मग आम्ही कोड दाखवायचा, तुम्ही स्पेक (मालकाच्या लेखी अटी) दाखवायचं, प्रोजेक्ट मॅनेजर म्हणणार कापा आणि विषय संपवा.

कोडमध्ये काय आहे ते आधी सांगतो, कारण अर्धं भांडण तिथेच संपायला हवं. एएसएमई बी ३१.३ (प्रोसेस प्लांटच्या पाइपिंगचा अमेरिकन कोड) मधली सॉकेट वेल्डची आकृती काढा, तिथे गॅपला बाण मारून साधारण १.५ मिमी म्हणजे १/१६ इंच (आमच्या भाषेत अर्धा सूत) लिहिलंय आणि त्याच्या पुढेच लिहिलंय की ही गॅप वेल्डिंगच्या आधीची. पॉवर पाइपिंगच्या बी ३१.१ मध्ये तर कृतीच सांगितलीय, पाइप सॉकेटमध्ये तळाला टेकेपर्यंत घाला आणि मग साधारण १/१६ इंच मागे ओढा, मग वेल्ड करा. दोन्हीकडे "वेल्डिंगच्या आधी" आहे, दोन्हीकडे "साधारण" आहे. वेल्ड झाल्यावर किती उरली पाहिजे याचा आकडा नाही. आता तुमच्या मालकाच्या स्पेकमध्ये वेल्डनंतरची गॅप मागितली असेल तर ती वेगळी गोष्ट, ते कॉन्ट्रॅक्ट आहे, ते पाळू, पण मग ते टेंडरमध्ये दिसू दे, रेट त्याप्रमाणे भरू. कोडच्या नावावर मागू नका.

आता गॅप का ठेवतात यावर साइटवर दोन मतं ऐकतो. एक म्हणतात वेल्ड करताना पाइप तापून वाढतो म्हणून, दुसरे म्हणतात वेल्ड गार होताना आकसतो म्हणून. दोन्ही खरं आहे पण दोन्ही सारखं नाही, आणि हे एकदा कागदावर गणित मांडून बघितलं की चित्र साफ होतं. एक इंची क्लास ३००० च्या फिटिंगचं सॉकेट बी १६.११ (फिटिंगचं एएसएमई स्टँडर्ड) प्रमाणे कमीत कमी १३ मिमी खोल असतं. कार्बन स्टील एका डिग्रीला मीटरमागे साधारण ०.०१२ मिमी वाढतं. समजा सॉकेटच्या आतला पाइपचा तुकडा फिटिंगपेक्षा ५०० डिग्रीने जास्त तापला (फिटिंग जाड असतं, उष्णता पिऊन घेतं, पाइप लवकर तापतो, हे खरंच होतं), तरी १३ मिमीची वाढ किती, तर साधारण ०.०८ मिमी. स्टेनलेस धरलं तर दीडपट, म्हणजे ०.१२ च्या आसपास. दीड मिमीच्या पुढे हे काहीच नाही. हां, पाइपचं दुसरं टोक आधीच कुठे वेल्ड होऊन जाम झालेलं असेल तर सॉकेटच्या बाहेरचा तापलेला भागही आतच सरकायला बघणार, तिथे आकडा वाढतो. पण तरीही गॅप खाणारा खरा गडी हा नाही.

गॅप खातो तो वेल्ड. फिलेट (पाइप आणि सॉकेटच्या तोंडाच्या कोपऱ्यातला तिकोनी वेल्ड) वितळलेला असतो तेव्हा सैल, गोठायला लागला की आकसतो, आणि आकसताना तो पाइपला फिटिंगकडे ओढतो, कारण त्याची एक बाजू पाइपला चिकटलीय आणि दुसरी सॉकेटच्या तोंडाला. पाइप आत जायला मोकळा असेल तर जातो. दोन पास मारले तर दोनदा ओढतो. लेग (फिलेटची एक बाजू) मोठा केला तर जास्त मेटल, जास्त ओढ. स्टेनलेसमध्ये उष्णता लवकर पसरत नाही आणि आकसणंही जास्त, म्हणून एसएसचा पाव-अर्धा इंची जॉइंट कार्बन स्टीलपेक्षा जास्त आत सरकलेला सापडतो, हे तुमच्यातल्या प्रत्येक जुन्या माणसाने बघितलेलं आहे.

तर मग पाइप आधीच तळाला टेकलेला असेल तर? वेल्ड ओढणार, पाइप हलायला जागा नाही, मग तो ताण कुठे जाणार, तर वेल्डच्या रूटमध्ये, म्हणजे मुळाशी. तिथे क्रॅक पडू शकतो, पडला नाही तरी ताण आत कोंडून राहतो, आणि पुढे स्टीम सोडल्यावर पातळ पाइप आधी तापतो, जाड फिटिंग मागून तापतं, तेव्हा तोच रूट परत ताणला जातो. म्हणून गॅप हवी. याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे आणि टेकवून मारलेला जॉइंट तुम्ही कापायला लावला तर मी ग्रायंडर स्वतः आणून देईन.

पण म्हणजेच, जी गॅप वेल्डच्या आधी दीड मिमी होती आणि नंतर फिल्मवर अर्ध्यावर आली किंवा मिटली, ती वाया गेलेली नाही, ती कामाला आलीय! वेल्डला आकसायला जागा मिळाली म्हणून ती भरली. कारचा बंपर चेपला म्हणून बंपर खराब होता असं आपण म्हणत नाही ना. तुम्ही मात्र फिल्मवर मिटलेली गॅप बघून म्हणता की ठेवलीच नव्हती. नुसत्या फिल्मवरून ते सांगता येत नाही साहेब, टेकवून मारलेला आणि नीट गॅप ठेवून आकसलेला, दोन्ही फिल्मवर सारखेच दिसतात.

फिल्मबद्दल अजून एक. गॅप दिसायची तर किरण पाइपच्या आसाला काटकोनात आणि बरोब्बर खांद्याच्या पातळीवरून जायला हवेत. दीड मिमीची फट आहे, सोर्स (किरण सोडणारा तुकडा) थोडा जरी पुढे-मागे झाला की पाइपच्या तोंडाची सावली खांद्यावर पडते आणि असलेली गॅप बंद दिसते. रॅकवर, दोन लाइनींच्या मध्ये, रात्रीच्या परमिटमध्ये, इरिडियमची पेन्सिल जिथे अडकवता येईल तिथे अडकवून मारलेला शॉट काटकोनात असेल याची हमी कोण देणार? त्यात पाइप ग्रायंडरने कापलेला असला आणि तोंड जरा तिरकं असलं तर एका बाजूला टेकलेला आणि दुसऱ्या बाजूला दोन मिमी मोकळा, म्हणजे शॉट कुठून मारला यावर पास-फेल ठरणार. आणि हे सगळं अशा जॉइंटसाठी ज्याला बी ३१.३ च्या नॉर्मल फ्लुइड सर्व्हिसमध्ये (नेहमीच्या लाइनच्या वर्गात) मुळात आरटी लागतच नाही, ती टक्केवारीची आरटी बट वेल्डला (तोंडाला तोंड लावून मारलेल्या वेल्डला) आहे. सिव्हिअर सायक्लिकमध्येसुद्धा (जिथे ताण वारंवार बदलतो तिथेही) जे सॉकेट जॉइंट रेडिओग्राफ होत नाहीत त्यांना एमटी (चुंबकाने भेगा शोधायची टेस्ट) किंवा डीपी चालते.

आता या रिजेक्शनचा साइटवर काय परिणाम होतो ते सांगतो, हे तुम्हाला ऑफिसमधून दिसत नाही म्हणून. आमचा एक फिटर, हाताला चांगला, दोनदा जॉइंट कापावे लागल्यावर मला सरळ म्हणाला, "साहेब, फिल्मवर दिसायला पायजे ना त्यांना, मग मी तीन मिमीच ठेवतो, नंतरची कटकट नको." आणि तो एकटा नाही, सगळीकडे हेच चाललंय. अर्धा इंची फिटिंगचं सॉकेट किमान १० मिमीच खोल असतं. त्यातून तीन-साडेतीन मागे ओढला की पकड तिसऱ्या हिश्शाने गेली. पाइप सॉकेटमध्ये डुलतो, टॅक (पक्क्या वेल्डच्या आधीचा धरून ठेवणारा छोटा वेल्ड) मारताना वाकडा होतो, आणि आत जी मोकळी खोबण राहते ती मोठी होते, तिथे माल साचतो. क्रेव्हिस करोजनची (फटीत होणाऱ्या गंजाची) भीती असेल तिथे सॉकेट वेल्ड टाळा असं कोडच म्हणतं, आणि आपण रिजेक्शनच्या भीतीने तीच खोबण दुप्पट करतोय. फिल्म मात्र एकदम सुंदर येते! काळी पट्टी ठळक, ॲक्सेप्ट.

आणि कापल्यावर काय होतं तेही बघा. सॉकेट जॉइंट कापला की फिटिंग भंगारात, कारण सॉकेटच्या तोंडावर वेल्ड बसलेला असतो. पाइप आखूड होतो. आयसोचं (लाइनच्या ड्रॉइंगचं) माप जुळवायला एकतर अख्खा स्पूल (जोडून तयार केलेला लाइनचा तुकडा) नवा, नाहीतर मध्ये कपलिंग, म्हणजे एका जॉइंटच्या जागी दोन जास्तीचे जॉइंट. वाल्व्ह असेल तर वेगळंच दुखणं, सॉफ्ट सीटवाल्या वाल्व्हला आधीच एकदा उष्णता लागलेली, आता परत लागणार. आणि दुरुस्तीचा जॉइंट बहुतेक वेळा जागेवरच मारावा लागतो, दोन्ही टोकं जाम, वेल्डरला मागून हात जात नाही. शॉपमध्ये फिरवून मारलेल्या जॉइंटपेक्षा तो चांगला होईल असं तुम्हाला खरंच वाटतं का?

छोट्या सॉकेट जॉइंटला साइटवर खरं कोण मारतं तर व्हायब्रेशन. पंपाजवळची ड्रेन, कॉम्प्रेसरवरचं टॅपिंग, पुढे लटकणारा जड वाल्व्ह आणि सपोर्ट नाही. यावर अमेरिकेत ईपीआरआय या वीज संशोधन संस्थेने न्यूक्लिअर प्लांटमधल्या फेल्युअरमुळे १९९० च्या दशकात सॉकेट वेल्डच्या चाचण्या घेतल्या होत्या, त्यात पाइपच्या बाजूचा लेग दुप्पट ठेवला, म्हणजे २:१, तर थकव्याचं आयुष्य चांगलं वाढतं असं आढळलं, आणि ॲक्सियल गॅप असण्या-नसण्याने हाय-सायकल फॅटिगमध्ये (सतत हलून येणाऱ्या थकव्यात) फरक दिसला नाही. म्हणजे ज्या गोष्टीने लाइन तुटते त्यावर फिलेटचा आकार आणि सपोर्ट काम करतो. पण मला आजपर्यंत रिपोर्टवर "पाइपच्या बाजूचा लेग कमी" किंवा "टॅपिंगला ब्रेसिंग नाही" असं लिहिलेलं फार क्वचित मिळालंय, गॅप मात्र दर आठवड्याला. फिलेट गेज खिशात असतो तुमच्या, तो जास्त काढा की बाहेर.

आता आमच्या बाजूचं. आमच्यातले सगळे साधू नाहीत. पाइप तळाला टेकवला की सरळ उभा राहतो, धरायला दुसरा माणूस लागत नाही, म्हणून घाईत टेकवून टॅक मारणारे आहेत. खालच्या फिटिंगमध्ये वरून उभा पाइप असला तर तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो, टॅक बारीक असेल तर गॅप ठेवून दिलेली सुद्धा वेल्डर येईपर्यंत मिटलेली असते. गॅप ठेवल्याची निशाणी म्हणून पाइपवर जी रेघ मारायची ती वेल्ड झाल्यावर मारणारेही बघितलेत, हो. म्हणून तुमचा संशय मला समजतो. पण त्या संशयाचं औषध फिटपच्या वेळी, म्हणजे वेल्डच्या आधी पाइप आणि फिटिंग जुळवताना आहे.

आमच्या शॉपमध्ये आम्ही काय करतो ते सांगतो, त्यात गुपित काही नाही. पाइपचं तोंड काटकोनात आहे का ते गुण्याने बघायचं, बर (कापल्यावर राहिलेली धार) काढायची, आतूनसुद्धा. पाइप सॉकेटमध्ये घालून तळाला टेकवायचा, जरा फिरवून बघायचा की खरंच टेकलाय, बरीवर अडकलेला नाही. मग फिटिंगच्या तोंडाला लागून पाइपवर बारीक रेघ. ती रेघ वेल्डखाली जाणार, म्हणून दुसरी निशाणी लांब लागते: फिटिंगच्या अंगावर एक सेंटर पंच आणि पाइपवर, फिलेटच्या बऱ्यापैकी बाहेर, दुसरा पंच. पाइप दीड मिमी मागे ओढला की तोंडाजवळची रेघ बाहेर दिसते, ती मोजायची, आणि दोन पंचांमधलं अंतर वर्निअरने घेऊन तिथेच मार्करने पाइपवर लिहायचं. पंचांच्या जोड्या दोन घ्यायच्या, समोरासमोर, म्हणजे पाइप तिरका झाला तर कळतो. टॅक मारल्यावर परत मोजायचं, कारण पहिला टॅक एका बाजूला ओढतो आणि गॅप तिथेच गेलेली असू शकते. पातळ स्टेनलेसला पंच मारायला मनाई असेल तर क्लोराइड नसलेल्या मार्करची रेघ चालते, जरा जाड पडते पण चालते.

आणि या पद्धतीत गंमत काय आहे तर वेल्ड झाल्यावरही तीच निशाणी बोलते. समजा टॅकनंतर पंच-टू-पंच ५०.० होतं आणि वेल्ड गार झाल्यावर ४९.१ आलं, तर पाइप ०.९ मिमी आत गेला, म्हणजे तेवढी जागा तिथे नक्की होती. फिल्मवर बारीक रेघ दिसो किंवा न दिसो, हा जॉइंट मोकळा होता. आणि अंतर ५०.० चं ४९.९ च राहिलं आणि फिल्मवर गॅपही नाही, तर मग हा टेकवून मारलाय, खुशाल कापा, आम्ही काही बोलणार नाही. म्हणजे फिल्म ज्या दोघांत फरक करू शकत नाही तो फरक एक वर्निअर करतो. त्याला ना रेडिएशनचं परमिट, ना एरिया कॉर्डन, ना रात्रीची वाट बघणं.

काही जण म्हणतील की मग ती आत टाकायची स्प्रिंगसारखी गॅप रिंग वापरा, किंवा पाण्यात विरघळणारा पेपरचा स्पेसर. मिळतात, परदेशात वापरतात, रिंग दाबली जाते आणि आतच राहते. पण लाइनमध्ये आत कायमचा एक सुटा तुकडा ठेवायला बऱ्याच मालकांची परवानगी नसते, फार्मा आणि फूडवाले तर नावही काढू देणार नाहीत, आणि प्रत्येक जॉइंटला वेगळी रिंग, वेगळी खरेदी. ज्यांना परवडतं त्यांनी करावं. आमच्या साइझच्या कामात पंच आणि वर्निअर बास.

तर मागणी एवढीच आहे. आयटीपीमध्ये (तपासणीच्या ठरलेल्या यादीत) सॉकेट वेल्डच्या फिटपला विटनेस पॉइंट (इन्स्पेक्टरने समोर उभं राहून बघायचा टप्पा) टाका, टक्केवारी तुम्ही ठरवा, पाहिजे तर पहिल्या आठवड्यात शंभर टक्के बघा आणि टीम पटली की कमी करा. वेल्ड झाल्यावर गॅपसाठी आरटी मागायची झाली तर पंचाचं रीडिंग ज्या जॉइंटचं नाही किंवा ज्याचं रीडिंग पटत नाही त्याचीच मागा. फिल्मवर गॅप मिटलेली दिसली आणि रीडिंग आकसलेलं दाखवतंय, तर तो जॉइंट सोडा, कापू नका. आणि फिटपला बोलावलं की या, हे मात्र हात जोडून सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. सकाळी नऊला ऑफर (तपासणीला या असा निरोप) टाकतो, साहेब दुपारी तीनला येतात, तोवर वेल्डर आणि परमिट दोन्ही थांबलेले, मग फोनवर "मारा, मी नंतर बघतो" आणि नंतर बघायचं म्हणजे आरटी. एक टीपीआय चार साइट सांभाळतो हे मलाही माहितीये, तुमचा मॅन-डे रेट क्लायंटने किती दाबलाय तेही माहितीये, पण त्याचा भुर्दंड आमच्या कापलेल्या फिटिंगमध्ये का निघावा? नसेल जमत तर रीडिंगचा फोटो घ्या, वर्निअर जागेवर लावलेला, जॉइंट नंबर आणि तारीख दिसेल असा, आम्ही ग्रुपवर टाकतो, तुम्ही तिथेच ओके करा.

क्लायंट क्यूसीच्या साहेबांना वेगळं एक. तुमच्या जुन्या स्पेकमध्ये "वेल्डनंतर किमान १.५ मिमी गॅप" असं वाक्य असेल तर ते कुठून आलं ते एकदा तपासा. बऱ्याच वेळा कुणीतरी कोडची आकृती बघून लिहिलेलं असतं आणि लिहिताना "आधी" हा शब्द गळालेला असतो, मग ते स्पेक दहा प्रोजेक्टला कॉपी होतं. मुद्दाम ठेवलेलं असेल तर ठीक, पण मग वरची मर्यादा पण लिहा, फिटपला जास्तीत जास्त किती ओढायचं, नाहीतर अर्धा इंची सॉकेटमध्ये चार मिमी गॅपवाले जॉइंट तुम्हीच पास करत राहाल.

फिटपच्या रिपोर्टला त्यासाठी तीन कॉलम वाढतील, टॅकच्या आधीचं अंतर, टॅकनंतरचं आणि वेल्ड गार झाल्यावरचं, आणि समोरासमोरच्या दोन जोड्या म्हणून प्रत्येकात दोन आकडे. फॉरमॅट मी बनवलेला आहे, पुढच्या किक-ऑफ मीटिंगला प्रिंट घेऊन येतो, खाडाखोड तिथेच करा.

आपला,
तळोज्यातला एक फॅब्रिकेटर